शेवटचा माणूस आणि करोंदची वसाहत

महामारीने ओसाड झालेल्या नगरीत एकच माणूस मागे उरतो, ही कल्पना युरोप-अमेरिकेच्या कथावाङ्मयात दोनशे वर्षे टिकून आहे. कवींनी हा विषय आधीच हाताळला होता. परंतु महामारी, रिकामे शहर आणि एकटा निवेदक या तिन्हींची सांगड घालून त्यास कादंबरीचे रूप दिले ते मेरी शेली हिने, १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट मॅन’ या त्रिखंडी ग्रंथात. ‘फ्रँकेन्स्टाइन’मुळे तिचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. ही दुसरी कादंबरी मात्र समकालीन समीक्षकांनी झोडपली आणि पुढे ती शतकाहून अधिक काळ विस्मृतीत गेली. १९६५ मध्ये अमेरिकेत तिची आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वळले.

कादंबरीचा काळ एकविसाव्या शतकाच्या अखेरचा. कॉन्स्टँटिनोपलकडून निघालेली एक साथ हळूहळू सारी पृथ्वी गिळून टाकते. निवेदक लायनेल व्हर्नी इंग्लंडमधून मूठभर सोबत्यांसह दक्षिणेकडे निघतो. सोबती गळत जातात, अखेरचे दोघे समुद्रात बुडतात आणि व्हर्नी एकटा रोमला पोहोचतो. पहिला खंड दरबारी कारस्थानांत आणि प्रेमप्रकरणांत इतका गुंतून पडला आहे की वाचकाने तेथेच पुस्तक मिटले तर त्यास दोष देता येणार नाही. तथापि तिसऱ्या खंडात, विशेषतः शेवटच्या प्रकरणांत, भाषेला अकस्मात धार येते. त्याचे कारण चरित्रात आहे. लेखिकेची तीन अपत्ये लहानपणीच गेली होती. पती १८२२ मध्ये समुद्रात बुडाला, मित्र बायरन १८२४ मध्ये ग्रीसमध्ये वारला. रोजनिशीत तिने स्वतःचे नाते त्या एकाकी प्राण्याशी जोडले आहे. म्हणजे ज्या जगाचा अंत तिने वर्णिला ते भविष्यातील जग नव्हतेच. ते तिच्या घरातील आणि मित्रमंडळातील होते.

या कादंबरीतील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. रोमच्या वाटेवर लागणाऱ्या गावांतून व्हर्नी ठळक जागी पांढऱ्या रंगाने, तीन भाषांत लिहून ठेवतो की, अमुक नावाचा माणूस रोममध्ये राहावयास गेला आहे. वाचणारा कोणी उरला असेल तर त्याने यावे, ही आशा. सारे जग संपले अशी खात्री असणारा माणूस भिंतीवर पत्ता लिहीत नाही. तेव्हा शेवटच्या माणसाची ही आद्य कादंबरी आपल्याच गृहीतकावर पुरता विश्वास ठेवत नाही.

जॅक लंडन याच्या ‘द स्कार्लेट प्लेग’ (१९१२) या दीर्घकथेत ही अडचण उलट बाजूने येते. साथ २०१३ मध्ये येऊन गेली आहे. साठ वर्षांनंतर विद्यापीठातील एक वृद्ध माजी प्राध्यापक आपल्या रानटी नातवंडांना तिची हकिगत सांगत बसला आहे. तोही काही वर्षे खराच एकटा होता. नंतर माणसे भेटली, वंश वाढला. मात्र त्याच्या शब्दांचा अर्थ समजणारा श्रोता उरला नाही. मुले हसतात, कंटाळतात, ‘हा शब्द कशाला वापरतोस’ म्हणून त्याला अडवतात. लंडनचा वर्गीय अहंकार या कथेत जागोजाग डोकावतो. मोटारचालकासारखा ‘हलका’ माणूस उरावा आणि उमरावांची कन्या त्याच्या हाती पडावी, याचेच लेखकाला अधिक दुःख आहे की काय, असा संशय येतो. श्रोत्याविषयीचे त्याचे निरीक्षण मात्र खरे आहे.

या दोन ग्रंथांपासून आजच्या चित्रपटांपर्यंत या प्रकारच्या लेखनाची दोन गृहीतके दिसतात. नगरी जशीच्या तशी उभी असते, फक्त रिकामी. आणि मागे उरलेला माणूस सर्व पाशांतून सुटलेला असतो: त्याला भाडे नाही, कर्ज नाही, शेजारी नाहीत, कोणत्याही कचेरीत त्याचे नाव नाही. दुकाने उघडी आहेत, हवे ते उचलावे. दुःखाच्या आवरणाखाली दडलेले हे एक सुखस्वप्न आहे, असे मला वाटते. भोपाळात राहणाऱ्या वाचकाने तरी ते तपासून घेतले पाहिजे. कारण मागे उरणे म्हणजे काय, याचा विसाव्या शतकातील फार मोठा धडा आपल्या शहरात घडला आहे.

भोपाळची वायुदुर्घटना ही महामारी नव्हे, हे उघड आहे. ती एका कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून आली. रोगजंतूंशी तिचा संबंध नव्हता आणि स्पर्शाने ती पसरत नव्हती. परंतु २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झोपेतून उठलेल्या माणसाला हे काय कळणार? कोणी कुठे मिरच्या जाळल्या असाव्यात, असेच पुष्कळांना प्रथम वाटले. इस्पितळांत रुग्णांची रीघ लागली तेव्हा विष कोणते आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांनाही कोणी सांगितले नव्हते. कारण अज्ञात, मृत्यू सर्वत्र, आणि एकाच घरात एक वाचतो तर दुसरा जातो: या तीन गोष्टींत ती रात्र जुन्या महामारीच्या वर्णनांहून वेगळी नाही. म्हणूनच तिच्यावर लिहिणाऱ्यांना प्रलयाची प्रतिमा हाताशी आलेली दिसते.

आता पहिले गृहीतक घेऊ. भोपाळ त्या रात्री रिकामे झाले नाही. ते धावत होते. वारा कारखान्याकडून दक्षिणेला, जुन्या शहराकडे वाहत होता. जयप्रकाश नगर, काझी कँप, रेल्वे स्थानकाचा परिसर त्याच्या वाटेत सापडला. शहर खऱ्या अर्थाने ओस पडले ते पंधरवड्याने. टाक्यांत उरलेले रसायन वापरून संपवण्याची मोहीम १६ डिसेंबरला सुरू झाली. तिला ‘ऑपरेशन फेथ’ असे नाव होते. कारखान्याच्या कुंपणाला ओले कापड बांधले होते, वरून हेलिकॉप्टरने पाण्याचा फवारा चालला होता, आणि काही धोका नाही अशी ग्वाही दिली जात होती. ‘श्रद्धा’ असे नाव दिलेल्या त्या मोहिमेच्या वेळी लाखो लोकांनी घरांना कुलपे लावली आणि मिळेल त्या गाडीने शहर सोडले. रिकामे भोपाळ हे मृत्यूने केलेले नव्हते. जिवंत माणसांनी सरकारी शब्दावर न ठेवलेल्या विश्वासाचे ते दृश्य रूप होते. कोणत्याही ‘शेवटच्या माणसा’च्या कादंबरीत रिकाम्या शहराचे हे कारण माझ्या वाचनात आलेले नाही.

मराठी माणसाला मात्र ते अपरिचित वाटू नये. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्या काळच्या आठवणींत गाव ओस पडल्याचे जे चित्र येते, ते सर्व माणसे मेल्याचे नसते. गाव बाहेर पडलेले असते. शेतात, माळावर झोपड्या घालून राहिलेले असते. रिकाम्या घरांइतकीच भीती घरझडतीला येणाऱ्या सोजिरांची होती, आणि त्या रागातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करता करता गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगच्या दिवसांच्या आठवणी आहेत. त्यांत भय आहे, विनोदही आहे, पण लक्ष्मीबाई एकट्या अशा कधी नाहीत. भोवती सतत कोणाचे तरी मूल, कोणी तरी आजारी, कोणाची तरी भूक असते. आपल्याकडे साथीचे वाङ्मय हे माणसांच्या गर्दीचे वाङ्मय आहे. एकट्या पुरुषाची वीरगाथा त्यातून निघाली नाही, याला मी उणीव समजत नाही.

दुसऱ्या गृहीतकाचे उत्तर करोंदला आहे.

करोंद कारखान्याच्या उत्तरेला. वारा उलट दिशेचा असल्याने जुन्या शहरावर जे कोसळले ते त्या बाजूस तसे कोसळले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना करोंद ठाऊक आहे ते मंडीमुळे, किंवा बैरसियाच्या रस्त्याने जाता-येता लागणाऱ्या चौराह्यामुळे. दुर्घटनेनंतर शहराने आपले उरलेले दुःख जणू या दिशेस नेऊन ठेवले. ज्या स्त्रियांचे पती गेले त्यांच्यासाठी शहराबाहेर दुमजली आणि चारमजली इमारतींत २,४८६ घरांची वसाहत बांधण्यात आली, ती करोंदला. तिचे अधिकृत नाव ‘जीवन ज्योती’. लोकांच्या तोंडी मात्र ‘विधवा कॉलनी’ हेच बसले. वरच्या मजल्यांवर पाणी चढत नसे. पुढे, न्यायालयाच्या आदेशानंतर कंपनीचे भारतीय उपकंपनीतील समभाग विकून आलेल्या पैशांतून जे मोठे स्मारक रुग्णालय उभे राहिले, तेही करोंदलाच, २००० मध्ये.

इंग्रजी कादंबरीतील मागे उरलेला माणूस जवळजवळ नेहमी पुरुष असतो आणि त्याला एकवचन असते. करोंदला मागे उरलेली व्यक्ती स्त्री आहे, आणि ती अनेकवचनी आहे. तिच्या शेजारणीही तशाच मागे उरलेल्या. तिची ओळख ती जगली यावरून ठरलेली नाही. कोण मेले यावरून ठरली आहे, आणि ती ओळख वस्तीच्या नावात कायमची कोरली गेली. व्हर्नीला स्वतःच्या अस्तित्वाचा दाखला कोणाला द्यावा लागत नाही. करोंदच्या बाईला तो आयुष्यभर द्यावा लागला: दावा न्यायालयात, इस्पितळाच्या खिडकीशी, पेन्शनच्या रांगेत. १४ फेब्रुवारी १९८९ च्या तडजोडीत ४७ कोटी डॉलर ठरले. नुकसानभरपाई मिळालेल्यांची संख्या अखेर ५ लाख ७० हजारांच्या पुढे गेली, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या वाट्याला आधी २५ हजार रुपये व २००४ नंतर पुन्हा तेवढेच आले. मृत्यूचा सरकारी आकडा प्रारंभी २,२५९ होता. दाव्यांच्या निकालानंतर तो ५,२९५ झाला. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. विधवांचे मासिक पेन्शन हजार रुपये, आणि तेही मध्यंतरी काही काळ थांबले होते. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. मुद्दा असा की, येथे प्रलयानंतर निर्मनुष्य शांतता आली नाही. प्रलयानंतर फाइल आली.

हे सारे कादंबरीत कसे आणावे? इंद्र सिन्हा यांची ‘ॲनिमल्स पीपल’ (२००७) हा त्यासाठी झालेला सर्वांत गंभीर प्रयत्न आहे. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती; पुरस्कारामुळे पुस्तक चांगले ठरते असे नव्हे, पण ती सर्वदूर वाचली गेली ती त्यामुळे. शहराचे नाव खौफपूर. निवेदक एकोणीस वर्षांचा, ‘त्या रात्री’च्या काही दिवस आधी जन्मलेला आणि अनाथ झालेला. विषाने पुढे त्याचा कणा वाकला, तो दोन हातांवर आणि दोन पायांवर चालतो, आणि स्वतःला माणूस म्हणवून घेण्यास नकार देतो. एका परदेशी वार्ताहराने दिलेल्या यंत्रावर तो आपली कहाणी तेवीस फितींत बोलतो.

मागे उरलेल्याच्या वाङ्मयात ही कादंबरी कोठे बसते, ते पाहू. जन्माने, शरीराने, नावाने हा मुलगा ‘शेवटचा’ व्हावा अशीच योजना आहे: कुळ नाही, जात-धर्म ठाऊक नाही, आपल्यासारखा दुसरा कोणी नाही. आणि तरीही तो क्षणभर एकटा नाही. त्याला वाढवणारी फ्रेंच संन्यासिनी त्या रात्री आपल्या मातृभाषेवाचून सर्व भाषा विसरली आहे. इतरांचे हिंदी बोलणे तिला निव्वळ बडबड वाटते आणि जगाचा अंत सुरू झाला आहे असे ती मानते. लेखकाची मार्मिकता येथे दिसते. प्रलय झाला असे मानणारे पात्र कादंबरीत एकच आहे, आणि ते भ्रमिष्ट आहे. बाकी खौफपूरचे लोक खटल्याच्या तारखा मोजतात, उपोषणे करतात, प्रेमात पडतात, चहा पितात. ज्याचा श्वास त्या रात्रीने नेला तो गवई बेडकांच्या आवाजात सूर ऐकतो. शेलीच्या कादंबरीला आणि तिच्या वंशजांना दिलेले याहून चांगले उत्तर मला दाखवता येणार नाही.

लंडनच्या वृद्ध प्राध्यापकाची अडचणही सिन्हा यांनी ओळखली आहे. कोणास सांगावयाचे? या मुलाला माहीत आहे की त्याचे बोलणे दूरच्या, सुखवस्तू वाचकांपर्यंत जाणार. तो त्यांना ‘डोळे’ म्हणून हाक मारतो आणि अधूनमधून हिडीस काहीतरी सांगून त्यांच्या करुणेची परीक्षा घेतो. शिवराळपणा काही वाचकांना खटकेल. मला तो आवश्यक वाटतो; सोज्ज्वळ भाषेत बोलणारा पीडित आपण फार लवकर कवटाळतो आणि तितक्याच लवकर विसरतो.

दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. अमेरिकन डॉक्टरणीचे मोफत दवाखाना उघडणे, वस्तीने तिच्यावर टाकलेला बहिष्कार, तिचे पूर्वायुष्य आणि कंपनीच्या वकिलाशी असलेले नाते हा सारा भाग योगायोगांवर उभा आहे. अखेरीस कारखान्यात पुन्हा आग लागते आणि पहिल्या रात्रीची जणू पुनरावृत्ती होते. जी कादंबरी चारशे पाने सांगत आली की येथील खरी आपत्ती संथ आहे, दवाखान्यात, विहिरीच्या पाण्यात आणि दप्तरात आहे, तिला शेवटी ज्वाळांचा देखावा का लागावा? वाचकाला परिणाम देण्यासाठी लेखकाने येथे आपल्याच विषयाशी तडजोड केली. प्रत्यक्षात कारखान्याच्या आवारातला साठवलेला विषारी कचरा, सुमारे ३३७ टन, हलवण्यास जानेवारी २०२५ उजाडला आणि पीथमपूरला तो जाळून संपण्यास त्याच वर्षीचा जून संपला. चाळीस वर्षे. आगीपेक्षा हे प्रकरण भयंकर आहे, परंतु त्यात नाट्य नाही.

अशीच ओढ पडद्यावरच्या कलाकृतींत दिसते. २०२३ मधील ‘द रेल्वे मेन’ ही मालिका पाहून त्या रात्रीची आठवण नव्या पिढीत जागी झाली, हे चांगलेच झाले. गोरखपूर-मुंबई गाडी वेळेआधी पुढे काढणारे आणि आपल्या फुप्फुसांवर त्याची किंमत मोजून २००३ मध्ये गेलेले गुलाम दस्तगीर यांच्या कर्तृत्वाची छाया तिच्यात आहे. पण मालिका एका रात्रीची आहे. दस्तगीरांनी पुढची एकोणीस वर्षे जी काढली, ती तिच्या आवाक्याबाहेर राहिली.

आता थोडे आपल्याविषयी. भोपाळातील मराठी घराण्यांपैकी बरीचशी १९५६ मध्ये शहर राजधानी झाल्यानंतर इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, सागर येथून आली. काही भेलमुळे आली. सरकारी निवासांमुळे आणि कारखान्याच्या वसाहतीमुळे त्यांचा मोठा भाग तलावांच्या दक्षिणेला किंवा पिपलानीच्या बाजूला राहिला. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ गॅसपीडित घोषित झाले. उरलेल्या वीसांत आपली बहुतेक घरे येतात. आपण वाचलो ते वाऱ्याने. तरीही आपल्या बैठकींत ती रात्र सांगितली जाते ती एका माणसाच्या सुटकेची गोष्ट म्हणून: कोणी स्कूटरवर कुटुंबाला घेऊन कसे निघाले, कोणी ओला टॉवेल तोंडाला कसा बांधला, कोणाची गाडी विदिशालाच कशी थांबली. या गोष्टी खोट्या नाहीत. त्यांचा साचा मात्र व्हर्नीचा आहे, आणि त्या साच्यात करोंदची बाई मावत नाही. तिची गोष्ट सांगायची तर सुटकेपाशी थांबता येत नाही, तेथे सुरुवात करावी लागते.

राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात कारखान्याच्या धोक्याविषयी लिहून ठेवले होते. व्हर्नी भिंतीवर लिहितो तेव्हा वाचणारा नसतो. केसवानींच्या वेळी सारे शहर वाचण्यास हजर होते. ते मे २०२१ मध्ये कोविडनंतरच्या त्रासाने गेले. त्याआधी एप्रिलमध्ये कादंबरीकार मंजूर एहतेशाम गेले. २०२० च्या मार्चमध्ये करोंदचे रुग्णालय काही आठवडे केवळ कोविडसाठी राखले गेले तेव्हा ज्यांच्यासाठी ते बांधले होते त्यांनाच दार बंद झाले, आणि शहरातील कोविडच्या पहिल्या बळींत गॅसपीडितांचे प्रमाण मोठे होते. नवी साथ जुन्याच फुप्फुसांत शिरली. त्या महिन्यांत रस्ते ओस पडलेले पाहून पुष्कळांनी प्रलयाच्या चित्रपटांची आठवण काढली. करोंदला रिकामा रस्ता म्हणजे बंद पडलेली डायलिसिसची पाळी होती.

शेवटी भाषांतराचा प्रश्न. सिन्हा यांची कादंबरी मराठीत आणावयाची झाली तर पुणेरी प्रमाण मराठी तिला पेलणार नाही. मूळ निवेदन इंग्रजीत आहे, पण तो मुलगा बोलतो ती जुन्या भोपाळची हिंदी आहे, असे आपण मानावे अशी लेखकाची अपेक्षा आहे. ‘करून राहिलो’, ‘चौराह्यावर मिळू’, ‘सब्जी घेऊन ये’ असे बोलणारी जी मराठी आपल्या घरांत तीन पिढ्या रुजली आणि जिच्याबद्दल पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर आपण संकोचतो, तीच या कामाला उपयोगी पडेल. नावापासूनच प्रारंभ करता येईल. मुलगा स्वतःला ‘जानवर’ म्हणवतो. मराठीत ‘जनावर’ म्हटले की गोठ्यातली गुरे आठवतात, आणि रात्री सापाचे नाव घ्यावयाचे नसते म्हणून आजी त्यालाही ‘जनावर’च म्हणे. एक घरचे, एक दाराशी आलेले. दोन्ही अर्थ त्या मुलाला लागू पडतात, आणि ते इंग्रजीत नाहीत.